वाटी, पेला आणि ओंजळ

या वेळी आपल्यापैकी पुष्कळांच्या हाती चहाचा कप असेल. ज्यांचा चहा आटोपला असेल त्यांचा कप मोरीत विसळला जाण्याची वाट पाहत पडला असेल. दिवसातून वीस-पंचवीस वेळा ज्या वस्तूला आपला हात लागतो, तिच्याकडे आपण डोळे उघडून पाहतो मात्र क्वचितच. आज पंधरा-वीस मिनिटे या वस्तूकडे पाहावे, असा माझा विचार आहे. केवळ चहाच्या कपाकडे नव्हे, तर वाटी, पेला, द्रोण, करवंटी आणि ओंजळ या त्याच्या सर्व गोतावळ्याकडे.

आरंभी एक आठवण सांगतो. सुमारे साठ वर्षांपूर्वी मी आजोबांबरोबर धारवाडजवळच्या एका खेड्यात गेलो होतो. मोटारथांब्यापाशी एक लहानसे चहाचे दुकान होते. आम्ही आत बाकावर बसून बशीतून चहा पीत असता माझी नजर बाहेरच्या पडवीकडे गेली. तेथे भिंतीतल्या कोनाड्यात दोन कप पालथे घालून ठेवले होते. दोहोंचेही कान तुटलेले होते आणि त्यांना बशी नव्हती. मी आजोबांना विचारले, "ते कप कोणाचे?" आजोबा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "चहा निवतो आहे, पी." त्या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी मिळाले नाही. त्या कोनाड्याकडे मी शेवटी परत येणार आहे. तोपर्यंत आपण या विषयाच्या इतर वाटा पाहू.

हुबळी-धारवाडकडील मराठी माणसाच्या घरात या वस्तूंची नावे मोठी गमतीची. तो कप-बशीत चहा घेतो. शेजारचे कन्नड कुटुंबही चहाला 'चा' आणि बशीला 'बशी'च म्हणते. या बशीचे नाते पोर्तुगीज भाषेतील पसरट भांड्याच्या शब्दाशी सांगितले जाते. तसे असेल, तर गोव्याच्या किनाऱ्यावर उतरलेला हा शब्द घाट चढून दोन्ही भाषांच्या स्वयंपाकघरांत सारख्याच अधिकाराने जाऊन बसला आहे. आपली वाटी म्हणजे त्यांचे 'बट्टलु', आपला द्रोण म्हणजे त्यांचे 'दोन्ने' आणि आपली ओंजळ म्हणजे त्यांची 'बोगसे'. ज्या गावात घरी मराठी बोलणाऱ्या दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांनी कन्नड काव्याला शिखरावर नेले, त्या गावात भांडी आणि शब्द यांची देवघेव कोणास नवलाची वाटू नये. शेजारणीच्या घरी काही पदार्थ पाठविलेली वाटी रिकामी परत येत नाही, आणि शब्दांचेही तसेच आहे.

मराठीत वाटी या शब्दाचा संसार केवळ जेवणाच्या ताटापुरता नाही. नारळ फोडला की त्याच्या दोन वाट्या होतात. गुडघ्यालाही वाटीच असते, आणि ती सरकली की वाटीची खरी किंमत कळते. मंगळसूत्रात सोन्याच्या दोन वाट्या असतात. एक माहेरची आणि एक सासरची, असे आपल्या आयाबाया सांगत आल्या. काही घरांत नव्या नवरीचे मंगळसूत्र आरंभी वाट्या उलट करून घालण्याची चाल आहे. ज्या आकाराला आपण वाटी म्हणतो तो आकार एवढ्या ठिकाणी आढळतो, याला कारण आहे. एकाच पातळ पत्र्यातून किंवा सालीतून जास्तीत जास्त मजबुती आणि जास्तीत जास्त जागा मिळवावयाची असेल, तर तो पत्रा वाकवून गोल खोलगट करणे हा सर्वांत सोपा उपाय होय. सपाट पत्रा सहज वाकतो; तोच ठोकून खोलगट केला की ताठ उभा राहतो. तांबटाला हे पुस्तकावाचून ठाऊक असते.

परंतु तांबटाच्या आणि कुंभाराच्याही आधी माणसाजवळ एक पेला होता, तो म्हणजे त्याची ओंजळ. वैद्यकाच्या जुन्या ग्रंथांतील मापे पाहिली की हे स्पष्ट दिसते. दोन पलांची एक प्रसृती, दोन प्रसृतींची एक अंजली. प्रसृती म्हणजे पसरून किंचित खोलगट केलेला एक तळवा, अर्थात आपला पसा. आणि अंजली म्हणजे दोन तळव्यांची ओंजळ. त्याच्या पुढे दोन अंजलींचा शराव, म्हणजे मातीचे पसरट भांडे. दोन शरावांचा प्रस्थ. आणि असे करीत करीत हे कोष्टक आढक व द्रोण या मापांपर्यंत जाते. शरीरापासून निघून मातीपर्यंत आणि मातीपासून धान्याच्या कोठारापर्यंत जाणारी ही मापांची वाट आहे.

आपल्या खेड्यापाड्यांतील धान्याची मापेही याच रीतीची होती. दोन कोळवी म्हणजे एक चिपटे, दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर आणि चार शेरांची एक पायली. या कोष्टकात शेरापर्यंतची प्रत्येक पायरी दुपटीची आहे, याकडे आपले लक्ष गेले आहे काय? ज्याला लिहिता-वाचता येत नाही, अशा माणसालाही हे माप तपासता येई. मापट्यात चिपटे बरोबर दोनदा रिते झाले पाहिजे. न झाल्यास माप खोटे. मापाला पोचा पाडून, तळ जाड करून किंवा शीग लावताना हात चोरून गरिबाचे धान्य मारता येत असे. म्हणूनच मापाचा खरेपणा हा आपल्याकडे सचोटीचा दाखला ठरला. गावोगावी शेर वेगळा असल्याने होणारा घोटाळा दूर करण्यासाठी १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, आणि १९६२ पर्यंत टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम आणि लिटर यांचा अंमल देशभर बसला. शेर-पायली कागदावरून गेली. पण स्वयंपाकघरातील वाटी मात्र जागची हलली नाही.

ती हलली नाही, यात आपल्या गृहिणींचा हट्ट नसून एक शास्त्रीय शहाणपण आहे. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' हे पुस्तक १९७० साली प्रसिद्ध झाले आणि घरोघरी गेले. त्यात वाटीचे माप आहे. आता वाट्या तर घरोघर निराळ्या. मग पदार्थ कसा साधतो? त्याचे उत्तर असे, की एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी असे सांगितले, म्हणजे आपण वजन सांगत नसून प्रमाण सांगत असतो. वाटी लहान असो वा मोठी, दोन्ही जिन्नस एकाच वाटीने मोजल्यामुळे तिचा आकार हिशेबातून निघून जातो. मात्र दोन ठिकाणी सावध राहावे लागते. एक म्हणजे, काही जिन्नस वाटीने आणि काही चमच्याने सांगितलेले असले की हे गणित बिघडते. मोठ्या वाटीच्या घरी मीठ कमी पडते आणि लहान वाटीच्या घरी जास्त होते. दुसरे असे, की भात मोठ्या प्रमाणावर करावयाचा असेल, तर पाणी त्याच पटीने वाढवून चालत नाही. भांडे मोठे झाले तरी वाफ होऊन जाणारे पाणी त्या मानाने कमी असते. म्हणून कार्यातला आचारी पाणी हात राखून घालतो.

परदेशी पुस्तकांतून केक करणाऱ्या आपल्या मुलींची अडचण आणखी वेगळी आहे. तेथील 'कप' म्हणजे चहाचा कप नव्हे, ते ठरलेले माप आहे. अमेरिकेतील कप सुमारे २३७ मिलिलिटरचा, तर ऑस्ट्रेलियासारख्या देशांतील कप २५० मिलिलिटरचा. आपल्या ताटातील वाटी याहून बरीच लहान असते. यावर सोपा उपाय असा, की आपली नेहमीची वाटी तराजूवर ठेवून तिच्यात काठोकाठ पाणी भरावे. पाण्याचे वजन जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर त्या वाटीचे माप. हे एकदा करून वाटीच्या बुडाशी खूण करून ठेवली की जगातील कोणतेही पाकपुस्तक आपल्या ओट्यावर चालू शकते. पीठ मोजताना मात्र दाबून भरलेली वाटी आणि चाळून अलगद भरलेली वाटी यांच्या वजनात चांगलाच फरक पडतो, हे विसरू नये. शिगेचा जुना तंटा येथे नव्या रूपात भेटतो.

आता चहाकडे वळू. चीन देशातून जे चहाचे पेले युरोपात गेले, त्यांना कान नव्हते. हाताला सोसेल इतपत निवलेला चहा ओठांनाही सोसतो, असा त्यामागचा साधा हिशेब असावा. युरोपातील लोकांनी अठराव्या शतकात त्याला कान जोडला, आणि तो कान धरूनच कप आपल्याकडे आला. त्याच्याबरोबर बशीही आली, आणि आपण तिला आपल्या रीतीने कामाला लावले. बशीत ओतून चहा पिण्याला कोणी गावंढळपणा म्हणो, पण त्यात पदार्थविज्ञान चोख आहे. कपात चहाचा थोडासाच पृष्ठभाग हवेला लागतो. बशीत तोच चहा पातळ थर होऊन पसरतो; त्यातून वाफ अधिक निघते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. शिवाय थंड बशीही थोडी उष्णता शोषून घेते. म्हणून ज्याची मोटार सुटण्याच्या बेतात आहे त्याने बशी धरावी, आणि ज्याला गप्पा मारावयाच्या आहेत त्याने कपच हाती ठेवावा.

दक्षिणेकडील कॉफीच्या धातूच्या पेल्याला कान नसतो. पण त्याचा वरचा काठ बाहेर वळविलेला असतो. काठोकाठ न भरलेल्या पेल्याचा तो काठ खालच्या अंगाइतका तापत नाही, म्हणून दोन बोटांनी तेथेच धरता येते. सोबतच्या खोलगट डबऱ्यात वरून धार धरून कॉफी ओतली की ती निवते आणि तिला फेसही येतो. हुबळीच्या हॉटेलात दोन मित्र बसले की 'बाय टू' अशी आरोळी ऐकू येते. एका माणसाची कॉफी किंवा चहा, पेले मात्र दोन. मुंबईत ज्याला 'कटिंग' म्हणतात त्याचा हा चुलतभाऊ. फरक इतकाच, की कटिंग एकट्यानेही पिता येते. 'बाय टू' सांगण्यासाठी समोर दुसरा माणूस असावाच लागतो.

पेल्याचा आणखी एक उपयोग आपण जवळजवळ विसरलो आहोत, तो म्हणजे वेळ मोजण्याचा. जुन्या पद्धतीच्या लग्नात पाण्याने भरलेल्या पातेल्यात तांब्याची एक लहान वाटी तरंगत ठेवीत. हेच घटिकापात्र. त्याच्या बुडाशी बारीक छिद्र असते. बाहेरच्या पाण्याची पातळी आतल्यापेक्षा उंच असल्याने पाणी छिद्रावाटे आत चढत राहते, आणि भरत आलेली वाटी शेवटी बुडते. हा काळ एक घटका, म्हणजे २४ मिनिटांचा. 'सूर्यसिद्धान्ता'त असे तांब्याचे पात्र अहोरात्रात साठ वेळा बुडावे, असे सांगितले आहे. छिद्र केसभर मोठे झाले, तर दिवसाच्या शेवटी मोठी चूक साचते. म्हणजे सारी विद्या त्या छिद्रात आहे. भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा. त्यांच्या 'लीलावती' या ग्रंथाविषयीची प्रसिद्ध आख्यायिकाही या वाटीचीच आहे. कन्येच्या लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी वाटी पाण्यात सोडली. वाकून पाहताना तिच्या दागिन्यातील मोती त्यात पडून छिद्र बुजले आणि मुहूर्त टळून गेला, अशी ती कथा. अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ साली या ग्रंथाचा फारसी अनुवाद केला, त्यात ती आली आहे. तिला इतिहास म्हणून आधार नाही. परंतु एवढ्याशा छिद्रावर केवढे भवितव्य टांगलेले असते, हे तिने चांगले सांगितले आहे. आणि भास्कराचार्यांचे विज्जलविड हे गाव विजापूरच असे काही पंडित मानतात, तर काही ते चाळीसगावजवळच्या पाटणकडे नेतात. तेव्हा वाटीप्रमाणे हा थोर गणितीही आपल्या दोन्ही प्रदेशांना वाटून घेण्यासारखा आहे.

विजापूरचा उल्लेख आला, म्हणून तेथील गोल घुमटाचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. महंमद आदिलशहाच्या या कबरीवर जणू एक अवाढव्य वाटी पालथी घातली आहे. १६५६ साली पूर्ण झालेल्या या घुमटाचा आतील व्यास सुमारे ३८ मीटर आहे. आतल्या सज्जात भिंतीशी तोंड नेऊन हलकेच बोलले, तरी समोरच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाला ते ऐकू येते. खोलगट भिंत आवाजाला इकडेतिकडे पसरू देत नाही. वळणावळणाने परावर्तित करीत ती त्याला पलीकडे पोचविते. मिरजेचे कारागीर तंबोऱ्यासाठी जो भोपळा निवडतात, त्यातही खोलगट आकाराची हीच नादाशी असलेली मैत्री उपयोगी पडते. ज्या प्रांताने सवाई गंधर्व, गंगूबाई हनगल आणि मल्लिकार्जुन मन्सूर दिले, तेथे हे अधिक सांगावयास नको.

वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या यंत्रातही वाट्याच असतात. आयर्लंडातील रॉबिन्सन या ज्योतिर्विदाने १८४६ साली आडव्या फिरत्या दांड्यांच्या टोकांना चार अर्धगोल वाट्या लावल्या. पुढे १९२६ साली पॅटरसन याने तीन वाट्यांचे यंत्र अधिक बरे, असे दाखविले. वाटीच्या खोलगट अंगावर वारा अडतो आणि फुगीर अंगावरून निसटतो. त्यामुळे एका बाजूचा रेटा नेहमीच अधिक पडतो आणि चक्र फिरत राहते, मग वारा कोणत्याही दिशेचा असो. वाट्या नेहमी वाऱ्याच्या एकतृतीयांश वेगाने फिरतात, असे रॉबिन्सनला वाटले होते. ते पुढे चुकीचे ठरले. हे प्रमाण वाट्यांच्या आणि दांड्यांच्या मापांवर अवलंबून असते. चुकीचा अंदाज मागे पडला. वाट्या मात्र अजून फिरत आहेत.

ज्यांना छायाचित्रणाचा छंद आहे त्यांना तर वाटी पदोपदी भेटते. विजेच्या झोताच्या दिव्यामागे चकचकीत खोलगट तबकडी असते, ती वाटीच. चारी बाजूंना विखुरणारा प्रकाश ती पुढे वळविते. कॅमेऱ्याच्या ज्या झरोक्यातून आपण पाहतो त्याभोवती रबराची एक मऊ वाटी बसविलेली असते, ती बाजूचा प्रकाश डोळ्यात येऊ देत नाही. घरच्या घरी एक प्रयोग करून पाहावा. नव्या स्टीलच्या वाटीच्या आतील बाजूने आपला चेहरा हातभर अंतरावरून पाहावा. तो उलटा दिसेल. बाहेरील बाजूने पाहावा. तो सुलटा, पण लहान दिसेल. अंतर्गोल आणि बहिर्गोल आरशांचा धडा यापेक्षा स्वस्तात शिकता येणार नाही.

आणि खुद्द कपाचे छायाचित्र काढावयाचे असेल, तर ते वाटते तितके सोपे नाही. पांढऱ्या कपाने चौकट भरली, की कॅमेऱ्यातील प्रकाशमापक फसतो. समोरचे दृश्य मध्यम करडे आहे, असे धरून तो हिशेब करतो, आणि चिनी मातीचा शुभ्र कप चित्रात मळकट येतो. अशा वेळी यंत्र सांगेल त्यापेक्षा प्रकाश थोडा अधिक द्यावा लागतो. चहाची वाफ दाखवावयाची असेल, तर उजेड कपाच्या मागून किंवा मागच्या बाजूने यावा आणि पार्श्वभूमी काळोखी असावी. वाफेतील पाण्याचे सूक्ष्म कण आपल्यावर पडलेला प्रकाश मुख्यत्वे पुढच्या दिशेला उधळतात; समोरून दिवा मारला, तर वाफ नाहीशी झाल्यासारखी दिसते. स्टीलच्या पेल्याचे चित्र काढणे त्याहून अवघड, कारण तो स्वतःचे रूप दाखवीतच नाही. खोली, खिडकी आणि चित्र काढणारा माणूस यांनाच तो दाखवितो. खिडकीवर पांढरे धोतर किंवा चादर ताणून मऊ उजेड पाडला, म्हणजे पेला आपला आकार उघड करतो.

श्रोतेहो, भांडे आपल्याभोवतीच्या माणसांना दाखविते, हे मी आता धातूच्या चकाकीविषयी म्हटले. पण ते दुसऱ्याही अर्थाने खरे आहे, आणि येथे मला त्या कोनाड्यातील दोन कपांकडे परत गेले पाहिजे.

ते कप गावातील अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी होते. त्यांनी बाहेर पडवीत बसून चहा प्यावयाचा, आपला कप आपणच विसळावयाचा आणि पुन्हा कोनाड्यात पालथा घालावयाचा. पैसे मात्र आमच्याइतकेच द्यावयाचे. चहाच्या दुकानाच्या आधीची रीत तर याहून कठोर होती. तहानलेल्या माणसाने खाली वाकून ओंजळ धरावयाची आणि दुसऱ्याने वरून, अंतर राखून, तीत पाणी ओतावयाचे. ज्या ओंजळीला मी मघाशी माणसाचा पहिला पेला म्हटले, ती या माणसांच्या वाट्याला लाचारीची खूण म्हणून आली. एकदा पिऊन फोडून टाकावयाच्या मातीच्या भांड्यामागेही स्वच्छतेबरोबर विटाळाची कल्पना होती, हे आपण कबूल केले पाहिजे.

आपल्या भाषेत दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणे, असा एक वाक्प्रचार आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळीत पाणी घेतले आणि ते प्याले. त्यांच्या मागोमाग हजारो लोक प्याले. त्या दिवशी प्रथमच त्या तळ्यावर ती ओंजळ कोणापुढे पसरलेली नव्हती. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ सालीच संमत केला होता. १९५६ पर्यंत धारवाड जिल्हा मुंबई राज्यातच होता, त्यामुळे हा ठराव महाडइतकाच धारवाडलाही लागू होता. पण कागदावरील ठरावाने तळ्याचे पाणी ओठांपर्यंत येत नाही. त्यासाठी कोणीतरी पायऱ्या उतराव्या लागतात.

पुढे संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, आणि १९५५ साली अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांचा कायदा झाला. १९७६ सालच्या दुरुस्तीने त्यालाच नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे नाव मिळाले. त्याच्या चौथ्या कलमात एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे. उपाहारगृहात सर्व लोकांसाठी ठेवलेली भांडी वापरण्यास कोणालाही त्याच्या जातीमुळे मज्जाव करणे, हा गुन्हा आहे. एवढ्या मोठ्या देशाच्या कायद्याला कप आणि पेला यांची दखल घ्यावी लागली, हे लाजेचे म्हणावे की अभिमानाचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. मला वाटते, ते दोन्ही आहे. आजोबांबरोबर मी तो चहा प्यालो त्या दिवशी हा कायदा अमलात होता. आजोबा कायदा जाणणारे आणि स्वभावाने दयाळू होते, तरीही ते म्हणाले, "चहा निवतो आहे." त्यांचे चुकले. आणि पुढे मोठा झाल्यावरही मी कित्येक वर्षे त्यांना तो प्रश्न पुन्हा विचारला नाही, हे माझे चुकले.

आता पुष्कळ ठिकाणी तो कोनाडा राहिला नाही. त्याच्या जागी कागदी कप आले. हुबळीच्या स्थानकावर, २०२३ साली जगातील सर्वांत लांब ठरलेल्या सुमारे दीड किलोमीटरच्या फलाटावर, कोणीही कोणाची जात न विचारता कागदी कपातून चहा पितो. हा लाभ लहान नव्हे. परंतु कागद गळू नये म्हणून त्याला आतून प्लास्टिकचा पातळ थर दिलेला असतो. खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी २०२० साली दाखविले, की अशा कपात १०० मिलिलिटर गरम पेय १५ मिनिटे राहिले, तर प्लास्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण त्यात उतरतात. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या प्लास्टिकच्या कपांवर देशात बंदी आली. कागदी कपाच्या पोटातील हा थर मात्र आपल्या डोळ्यांना दिसत नाही. पळसाच्या पानांचा द्रोण मातीत मिसळून जाई. खानापूरच्या लाल मातीचा पेलाही तसाच. त्या तालुक्यात कुंभारकामाची परंपरा मोठी आणि ते शिकविणारी संस्थाही तेथेच उभी राहिली. द्रोण आणि मातीचा पेला यांना पुन्हा जागा देता येईल, आणि देता येईल तेथे ती अवश्य द्यावी. पण माझ्या मते खरा उपाय त्याहूनही साधा आहे. चिनी मातीचा किंवा स्टीलचा एकच कप, गरम पाण्याने स्वच्छ धुतलेला, जो आता माझ्या हाती आहे आणि थोड्या वेळाने कोणाही अनोळखी माणसाच्या हाती जाईल. फेकून देण्याच्या कपाने भेद टाळता येतो, पण मिटत नाही. धुतलेल्या कपातून एकामागून एक सर्वांनी प्यावे, तेव्हा तो मिटतो.

म्हणून, श्रोतेहो, आज चहा झाल्यावर एक लहानशी तपासणी करा. आपल्या घरी कामाला येणाऱ्या बाईंना आपण चहा देतो, तो कोणत्या कपात देतो? तो कप आपल्या कपांच्या रांगेत असतो, की खिडकीत वेगळा ठेवलेला असतो? कदाचित तुमच्या घरातले एखादे मूल आज तुम्हांला विचारील, की तो कप कोणाचा. त्याला चहा निवतो आहे असे सांगू नका.